जहाजाचा दुसरा शेवट

१

सांगलीच्या मार्केट यार्डातले सौदे उरकले की मी गाळ्याला कुलूप लावायचो, स्कूटरवरून विश्रामबागेतल्या घरी यायचो, हातपाय धुवायचो आणि सोफ्यावर बसून अंतराळात जायचो.

हसू नका. हळदीच्या व्यापाऱ्यानं दुपारी काय करावं याचा काही कायदा नाही. आमच्या शेजारच्या गाळ्याचे तात्याबा दुपारभर पत्ते खेळतात आणि हरले की हमालांवर ओरडतात. त्यापेक्षा माझं बरं. शाळा मी फार शिकलो नाही. इंग्रजी शिकलो ती पोत्यांवरचे शिक्के वाचून, कानडी शिकलो ती रायबागकडच्या शेतकऱ्यांशी भांडून. मग कॉम्प्युटरवरच्या एका खेळानं माझं काय अडणार?

खेळ तसा माझा नव्हे, आर्जवचा. आर्जव माझा मुलगा, एकुलता एक. जर्मनीत गाड्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. त्याची आई, गुणमाला, गेली तेव्हा तो आला होता. आठवडाभर राहिला, गेला आणि पुन्हा आला नाही. भांडण नाही, राग नाही. सुट्टी नाही, एवढंच. रविवारी फोन यायचा. जेवलात का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. बनाबाई येते ना स्वयंपाकाला? येते. मग दोघांनाही पुढचा प्रश्न सुचायचा नाही आणि मीच म्हणायचो, "बरं, ठेव आता. तुझं बिल वाढेल." जणू अजून ट्रंक कॉलचाच जमाना चालू आहे.

घर मोठं आहे. खाली हॉल, मागं स्वयंपाकघर. हॉलमधूनच जिना वर जातो आणि वर आर्जवची खोली. त्या खोलीतला जुना कॉम्प्युटर खाली आणून मी टीव्हीला जोडून घेतला होता. नुसता टीव्ही लावला तर बातम्यावाले अंगावर येतात. खेळात निदान कोणीतरी माझी वाट बघत उभं असायचं.

२

खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक. आम्ही घरात त्याला नुसतं 'जहाज' म्हणत आलो. त्याचे तीन भाग. आर्जव शाळेत होता तेव्हा पहिला आला, इंजिनिअरिंगला गेला तेव्हा तिसरा. अंतराळात भरकटलेल्या एका फुटक्या जहाजाचा कप्तान आणि त्याचा मेकॅनिक ओरेन घरी निघालेत, एवढीच गोष्ट. कप्तान म्हणजे खेळणारा, म्हणजे आपण. ओरेन कायम शेजारी. वाटेत खेळ सारखा विचारत राहतो: याला वाचवू की त्याला, खरं सांगू की खोटं? आणि बजावतो की शेवट तुमच्या निवडीवर ठरणार.

ठरत नाही. काहीही निवडा, तिसऱ्या भागाच्या शेवटी तेच दार येतं. पांढरं, लोखंडी, मध्ये गोल काच. बाहेर एकानं दार धरून उभं राहायचं, तर बाकीच्यांना आत, घरी जाता येतं. ओरेन बाहेर राहतो. आपण आत येतो, दार लागतं, काचेवर त्याचा पंजा दिसतो, पडदा पांढरा होतो आणि बनवणाऱ्यांची नावं वर सरकू लागतात. संपलं.

जगभरातली पोरं चिडली म्हणे. आर्जवनं हातातला खेळायचा रिमोट भिंतीवर मारला होता.

"अण्णा, फसवलं ह्यांनी! इतकी वर्षं सांगत होते, तुम्ही ठरवा, तुम्ही ठरवा. आणि शेवट आधीच ठरलेला!"

"सांगलीत असा नाटकाचा शेवट केला असता तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या," मी म्हटलं होतं. तेवढ्यावर तो हसला होता.

गेल्या उन्हाळ्यात मी स्वतः त्या दारापाशी पोचलो. मला राग नाही आला. काचेवरच्या त्या पंज्याकडे बघत बसलो आणि चहा गार झाला.

त्या रविवारी आर्जवला सांगितलं, "अरे, जहाज संपवलं मी. तिसरा भाग."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "काय सांगताय अण्णा? तुम्ही?" आणि पोरगा बोलत सुटला. कुठल्या ग्रहावर कसं अडकला होता, ओरेन केव्हा काय म्हणाला, त्यानं काय निवडलं आणि मी काय. बिलाची आठवण त्यालाही झाली नाही, मलाही. शेवटी म्हणाला, "अण्णा, शेवट तुम्हीच लिहा ना नवा. यार्डातले अडलेले सौदे मिटवत आलात, हाही मिटवा. ओरेनला घरी आणा. आणलात तर मी दसऱ्याला घरी येतो."

"नक्की?"

"नक्की. शब्द."

व्यापाऱ्याला एवढं पुरतं.

३

माझी पुतणी ब्राह्मी इस्लामपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिला फोन लावला.

"काका, लोक करतात असं," ती म्हणाली. "खेळात आपला तुकडा बसवायचा. मी इथून बसवून देईन तुमच्या मशीनवर."

"गुन्हा नाही ना?"

"विकला नाहीत तर कोण विचारतंय?"

"फुकटचा धंदा आपल्या घराण्यात कोणी केला नाही, पोरी."

"मग करा सुरुवात."

पावसाळाभर मी दुपारी बसून लिहीत होतो. कप्तानाच्या तोंडी भलीमोठी भाषणं घातली. ब्राह्मीनं सगळी कापली. "काका, कीर्तन नको. कप्तान परत फिरतो, दाराला हात लावतो, दार उघडतं. बस."

"चालेल."

"पण एक अडचण आहे. मग बाहेर कोण राहणार? सगळ्या खेळाचा नियमच तो आहे. बाहेर एकजण तरी हवाच."

"माझ्या शेवटात कोणी नाही राहत बाहेर. सगळे घरी."

"कथा लंगडी होते हो."

"होऊ दे लंगडी. घरी पोचली म्हणजे झालं."

ती हसली. "बरं. दार उघडलं की मी पडदा काळा करते. ओरेन आत येतोय असं दाखवायला माझ्याकडे चित्रं नाहीत."

४

पुढच्या रविवारी दुपारी आर्जवला व्हिडिओवर घेतलं. फोन टीव्हीच्या खाली, पडद्याला टेकवून उभा केला, म्हणजे त्याला मी दिसेन आणि मला तो. बनाबाई ओटा पुसून गेली होती. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी वाद घालत होता.

"अण्णा, मला पडदा नाही दिसत, तुम्ही दिसताय."

"तू आधी माझं तोंड बघ. दसऱ्याला पडदा बघ."

मी कप्तानाला मागं वळवलं. दारापाशी नेलं. हात लाव म्हणून खेळानं खूण केली, मी बटण दाबलं आणि हातातला रिमोट थरथरला. त्यात काही नवल नाही. स्फोट झाला, दार लागलं, की तो थरथरतोच. पण ही थरथर सरळ नव्हती. आधी करंगळीखाली. मग थांबून, शेजारच्या बोटाखाली. मग पुन्हा करंगळीखाली.

इथं मला थोडं थांबून यार्डातली गोष्ट सांगायला हवी. पूर्वी आमच्यात हळदीचा भाव तोंडानं बोलायची पद्धत नव्हती. मधे रुमाल टाकायचा, त्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाकीचे नुसते चेहऱ्यांकडे बघत उभे. ढिगाचं नावसुद्धा घ्यायचं नाही. दोघांच्या समोर जो माल, तो सौद्यातला. पूर्ण पंजा दाबला गेला की सौदा पक्का, मग तो मोडायची सोय नाही. तासगावचे एक व्यापारी होते, त्यांनी सौदा करताना आपली नवीकोरी छत्री ढिगावर टेकवली होती. पंजा दाबला गेला आणि समोरच्यानं हळद छत्रीसकट उचलली. सगळा यार्ड हसला, पण छत्री काही परत मिळाली नाही. आता उघडा लिलाव होतो, रुमाल गेले. माझी बोटं मात्र रुमालाखाली वाढलेली. हात हातात आला की त्यांना वाटतं, काहीतरी विचारतायत.

आणि खोटं कशाला सांगू, गुणमाला गेल्यापासून माझा हात असा कोणी धरला नव्हता.

रिमोटनं पुन्हा बोटं दाबली. मग सगळा पंजा, हळूच. यार्डात त्याचा अर्थ एकच: पटतंय का?

मी पंजा दाबला. सवयीनं. विचार नंतर आला.

दार उघडलं. पडदा काळा झाला, ब्राह्मीनं सांगितलं होतं तसा. टीव्हीच्या काळ्या काचेत आमचा हॉल दिसू लागला: सोफा, सोफ्यावर मी, माझ्या मागं जिना. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर दोन पावलं होती. वर चालली होती, दमलेला माणूस घरी आल्यावर जसा चढतो तशी.

मी मागं वळलो. जिना मोकळा.

"अण्णा, झालं का?" फोनमधून आर्जव म्हणाला. "आला का ओरेन?"

"आला," मी म्हटलं.

"वा!" तो म्हणाला आणि चित्र गोठलं. रेंज गेली असेल.

५

माणूस सावध असला की त्याला कारणं पटकन सापडतात. पावलं दिसली ती बनाबाईची असतील. ती गेली होती? मग काचेवरचा डाग असेल. वरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेव्हा शेजारी फरशी बसवायचं काम चालू होतं. पलंग करकरला, तेव्हा हवा बदलत होती, लाकूड आवाज करतंच. मी वर जाऊनही आलो. खोली रिकामी. खिडकी बंद. गादीच्या मधोमध खोलगट भाग, पण जुना कापूस बसतो तसा.

दोन दिवसांनी बनाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आवं अण्णा, आर्जवदादा कवा आलं? सांगितलं न्हाई तुमी."

"आर्जव? कुठं आलाय?"

"वर हाईत की. मी जिना झाडाया ग्येले तर दार लावून घ्येतलं. पाठ दिसली नुसती. लय वाळलाय पोरगा. तिकडं खायाला देत न्हाईत का काय?"

"बनाबाई, आर्जव जर्मनीत आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. लाटणं खाली ठेवलं. "मग वर कोन हाय?"

मी माठातून पाणी घेतलं. त्या दिवसापासून ती जिन्याकडे पाठ करून स्वयंपाक करू लागली. पण निघताना दोन ताटं झाकून ठेवू लागली. मी सांगितलं नव्हतं.

आम्हा जैनांत सूर्य मावळायच्या आत जेवून घेतात. मी खाली एकटा जेवायचो. दुसरं ताट जिन्याच्या पायरीवर ठेवायचो आणि हॉलमधून उठून अंगणात जायचो. परत आलो की ताट रिकामं, घासलेलं, पालथं घातलेलं. गुणमाला पालथं घालायची तसं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटत होतीही, मानेत, केसांच्या मुळाशी. पण संध्याकाळी बाहेर जाऊन परत आलो की गेटाचं कुलूप काढताना वरच्या खोलीत दिवा दिसायचा आणि खरंच सांगतो, स्कूटर लावताना मी गुणगुणायचो. घरात दिवा लावलेला असणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी तो लागत नाही त्यालाच कळतं. एकदा तर वरच्या पायरीवर बसून मी त्याला बोललोही. यार्डात काय झालं, तात्याबा कसे हरले. खोलीच्या दाराच्या पलीकडे कोणीतरी अगदी जवळ बसून ऐकत होतं. श्वास येत होता. ऐकत होतं आणि शिकत होतं, असं मला वाटलं. मी तो विचार झटकला आणि पुढचा किस्सा सांगितला.

६

आर्जवचा रविवारचा फोन आला नाही. मी लावला, लागला नाही. मंगळवारी दुपारी गाळ्यावर असताना त्याचा व्हिडिओ आला. हमाल पोती उतरवत होते, चहूकडे पिवळी धूळ. मी फोन घेऊन मागं गेलो.

त्याच्या मागं पांढरी भिंत होती. उजेड असा की सावलीच नाही.

"अण्णा, विचित्रच झालंय," तो हसत म्हणाला. "आमच्या इमारतीच्या जिन्यात अडकलोय. खाली गेलो तरी तेच दार, वर गेलो तरी तेच दार."

"कुणाला हाक मार की."

"मारतोय. कोणी नाहीच इथं." हसू गेलं. "अण्णा, किती वेळ झाला ते कळत नाही. भूक पण लागत नाही. हे बघा." त्यानं फोन फिरवला. पांढरं, लोखंडी, मध्ये गोल काच. "हे दार आधी इथं नव्हतं."

फोन कट झाला.

मी आमच्या मिरजेच्या राहीलला लावला. त्याच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनवणारे. हा तिकडं आर्जवच्या शेजारच्या खोलीत राहतो.

"काका, सलाम! काय म्हणतोय आर्जव? मजा आहे त्याची."

"कसली मजा? कुठं आहे तो?"

"म्हणजे?" राहील गोंधळला. "तो सुट्टी टाकून तुमच्याकडेच आलाय ना? त्या रविवारी मला मेसेज आला की त्याचा, घरी पोचलो म्हणून."

"त्याची खोली?"

"कुलूप आहे काका. सामान न्यायलाही थांबला नाही." मग हळूच, "काका, तो घरीच आहे ना?"

मी गाळ्याच्या मागं उभा होतो. समोर पोत्यांची थप्पी. त्या रविवारनंतर पहिल्यांदा मी स्वतःला तो साधा प्रश्न विचारला, जो यार्डातलं शेंबडं पोरही विचारेल: पंजा दाबला तेव्हा समोर माल कोणता होता?

टीव्हीवर दार होतं. आणि दाराच्या खाली, पडद्याला टेकून, फोनमध्ये आर्जव हसत होता.

७

ब्राह्मीला सगळं सांगितलं. तिनं एकेक गोष्ट दोनदा विचारून घेतली. मला वाटलं, आता दवाखान्याचं नाव काढेल.

"काका, रिमोटची थरथर मी बसवलेली नाही," ती म्हणाली. "त्या तुकड्यात थरथर नाहीच. काढून टाकू का सगळं? इथून पुसते."

"नको."

"का?"

"पावती फाडली म्हणून सौदा मोडत नाही. माल तिकडं गेलेला असतो."

"मग?"

"एकच वाट असते. दुसरा माल समोर ठेवायचा आणि नव्यानं हात धरायचा. समोरच्याला पटला तर पहिला माल परत येतो."

"काका, तुम्ही एकटे काही करू नका. मी येते. उद्या सकाळची पहिली एसटी पकडते."

"ये," मी म्हटलं. उद्यापर्यंत थांबायचं नाही हे माझं ठरलं होतं. पोरगं त्या उजेडात होतं.

बनाबाईला लवकर घरी पाठवलं. ती उंबऱ्यात घुटमळली. "अण्णा, म्या थांबू का?"

"जा तू. आज ताट एकच झाक."

"कुनाचं?"

मी हसलो. मग हॉल रिकामा केला. भिंतीवरचे फोटो उतरवले. गुणमालाचा उलटा करून कपाटात ठेवला. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर नेऊन ठेवला. बेसिनवरचा आरसा काढला आणि फोन टेकवला होता त्याच जागी, टीव्हीला टेकवून उभा केला. मी सोफ्यावर बसलो. समोर माल एकच: आरशात पांढरा सदरा घातलेला, जरा पोट सुटलेला एक म्हातारा व्यापारी. चांगला माल नाही, पण ओल नाही आणि भेसळ नाही.

कप्तानाला दारापाशी नेलं. बटण दाबलं.

थरथर आली. करंगळी. थांबून शेजारचं बोट. मग बराच वेळ काही नाही. समोरचा माल पारखत असला की असंच होतं, घाई करायची नसते. मी चेहरा हलू दिला नाही. जिन्यावर एक पायरी वाजली. मग दुसरी. सोफा शेजारी खचला. मी मान वळवली नाही. आरशात बघितलं, तर आरशात मी एकटाच होतो. पण रिमोटवर माझ्या हाताशेजारी दुसरा हात होता. ऊब असलेला. नखाच्या कडेला हळदीचा पिवळा रंग, माझ्यासारखाच.

पंजा दाबला गेला. आधी त्यानं, मग मी.

दार उघडलं. पडदा काळा झाला. स्वयंपाकघरात फोन वाजला, आपोआप उचलला गेला असावा, कारण आर्जवचा आवाज आला, धावत आल्यासारखा. "अण्णा! उघडलं दार! बाहेर ऊन आहे, अण्णा. रस्ता आहे. मी येतोय घरी, ऐकताय ना?"

मी उठलो. पटकन उठलो. आरशातला मी बसूनच होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, स्वयंपाकघराकडे बघत होता. "ऐकतोय बाळा," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे धावलो, दार ढकललं आणि आत गेलो.

८

आत आर्जवची खोली आहे. पलंग, खुर्ची, बंद खिडकी. मागं वळून बघितलं तर दार लागलेलं. कडी तीच, रंग तोच, नुसतं उघडत नाही. खिडकीबाहेर कृष्णेवर थंडीत धुकं असतं तसं पांढरं आहे, पण धुकं हलतं आणि हे हलत नाही. भूक नाही, तहान नाही. मी तक्रार करत नाही. भाव मी सांगितला होता.

आवाज येतात खालून. त्यावरच दिवस मोजतो, म्हणजे मोजत नाही, ओळखतो. एक दिवस ब्राह्मीचा आवाज आला, रडवेला. "काका, तुम्ही बरे आहात ना? आरसा का काढलाय?" आणि माझ्या आवाजात कोणी म्हणालं, "अगं, काच पुसायला काढला होता." तिचा जीव भांड्यात पडला. मी दारावर मुठी आपटल्या. ती म्हणाली, "वर काय वाजतंय?" तो म्हणाला, "पाइपात हवा धरते." मीही हेच उत्तर दिलं असतं.

आज झेंडूचा वास आला. गेट वाजलं. बनाबाई ओरडली, "आलं, आलं! दादा, ह्यावेळी खरंच आलासा न्हवं?" आणि आर्जव हसला. बॅग आपटल्याचा आवाज. पायांचा आवाज. "अण्णा, किती बारीक झालात!" मग कोणी कोणाला मिठी मारली असावी, कारण कोणीच काही बोललं नाही.

मी दाराला पाठ टेकून खाली बसलो. ओरडलो नाही. ओरडून काय सांगणार? पोरगं घरी आलंय.

खाली ताटं मांडली. ऊन असेतो जेवून घेऊ म्हणून तो आवाज म्हणाला. मग, जेवता जेवता, त्यानं किस्सा काढला. माझ्या लग्नानंतरचा. मी नवी नवरी घेऊन कोल्हापूरच्या गाडीत बसलो होतो, मिरजेला पाणी भरायला उतरलो आणि गाडी सुटली. हा किस्सा मी आर्जवला कधी सांगितला नव्हता. गुणमालालाही तो काढलेला आवडायचा नाही. तिचा राग लवकर गेला नव्हता.

पण खालचा आवाज सांगत होता, "मी फलाटावर हातात तांब्या घेऊन उभा. गाडी निघाली. आणि तुझ्या आईनं काय केलं असेल? साखळी ओढली! गाडी थांबली. ती उतरली, शालू सावरत, सगळ्या डब्यांतली माणसं बघतायत. सरळ चालत माझ्यापाशी आली, बाकड्यावर बसली आणि म्हणाली, द्या पाणी, तहान लागली. गाडी गेली निघून. आम्ही दोघं बसून बघत राहिलो."

आर्जव हसला. ताट ठेवून, खोकला येईपर्यंत हसला. माझ्या किश्श्याला इतकं मनापासून तो कधी हसला नव्हता.

मीही हसलो, इथं, दाराशी. चांगला शेवट होता. माझ्यापेक्षा चांगला सांगितला त्यानं.

खरं तर गाडी थांबली नव्हती. गुणमाला खिडकीतून माझ्याकडे बघत पुढे गेली होती आणि मी फलाटावर एकटा उभा होतो.